ओरिजिनल मराठी बाई

कॉलेजात आल्यापासून मला कुणी कशातच घेतलं नव्हतं. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे ग्रुपमध्ये कसं शिरतात हे विचारणार तरी कुणाला? म्हणून वार्षिक उत्सवातल्या ‘ॲड-मॅड’साठी, म्हणजे स्टेजवर विनोदी जाहिरात करून दाखवायच्या स्पर्धेसाठी, एका सीनियरने मला बोलावलं तेव्हा काम कोणतं हे न विचारताच मी हो म्हटलं.

जाहिरात कपडे धुवायच्या पावडरची होती. टीव्हीवरच्या जाहिराती बघून सीनियरचा देशाबद्दल पक्का अभ्यास झाला होता. त्याच्या मते देशात ट्रक चालवणारा सरदार असतो, तेल थापलेली मद्रासी काकू असते आणि भांडी घासणारी मराठी बाई असते. उरलेले लोक पावडर विकत घेतात.

सरदार म्हणून त्याने आमच्या वर्गातला शीख मुलगा घेतला. त्याला स्कूटीसुद्धा नीट वळवता येत नाही. काकू म्हणून एक मल्याळी मुलगी, जी इथे इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये वाढली आणि पोह्यांवर शेव कमी पडली तर ठेल्यावर भांडते. आणि बाई मी.

“तुझे क्या सीखना, तू तो ओरिजिनल है,” सीनियर म्हणाला.

पहिल्याच तालमीत ओरिजिनल नापास झाली. आम्ही घरी बोलतो तसं मी म्हटलं, “मॅडमजी, हा दाग निघतच नाहीये. मतलब, घासून घासून हात दुखले.”

“ये कौन-सी मराठी है, यार? टीव्ही वाली कर ना! कमर पे हाथ रख, ‘अगं बाई’ बोल. और बिगाड़ना मत, अगले साल भी यही टीम रहेगी.”

पुढच्या वर्षीही! मी लगेच कमरेवर हात ठेवला.

सरदारालाही ‘थोडा और पंजाबी’ व्हायचा हुकूम झाला. मग आम्ही तिघं इंदूरचे, कॅन्टीनच्या मागे एका मोबाइलवर जाहिराती लावून आपापले उच्चार शिकत बसलो.

“ये ‘अय्यो’ खुश होके बोलते हैं कि दुखी होके?” मल्याळी मुलीने मला विचारलं. मला ‘अगं बाई’चंच कळत नव्हतं.

घरी सराव करत होते तेव्हा साडीला फॉल लावणाऱ्या आईने मशीन थांबवलं.

“हे काय बोलून राहिलीस?”

“मराठी.”

“कुठली?”

बाबांना तर त्या जाहिराती फार आवडतात. त्यातली बाई ओरडली की ते मोठ्याने हसतात. मी जरा भीतभीतच विचारलं, “बाबा, तुम्हाला राग नाही येत? ती आपली आहे ना?”

“आपली कुठली? ती मुंबईची असेल.” आणि पुढच्या जाहिरातीतल्या सरदारालाही ते तितकेच हसले. त्याच्या घरीही कुणी म्हणत असेल, हा आपला नाही, अमृतसरचा असेल.

स्पर्धेला दोघंही आले. आईने लग्नाकार्यातली साडी नेसली होती. कॉलेज ती पहिल्यांदाच आतून बघत होती. मी भाड्याच्या शिवलेल्या नऊवारीत, हातात झाडू. सरदारावर हॉल हसला, काकूच्या ‘अय्यो’वर शिट्ट्या आल्या. माझी पाळी आली. कमरेवर हात गेला, पण समोर दुसऱ्या रांगेत आई दिसली आणि तोंडातून ‘अगं बाई’ काही निघेना. “मॅडमजी, हा दाग निघतच नाहीये…” मी आपलं घरचंच म्हणून मोकळी झाले.

फक्त बाबा हसले, एकटेच, खूप मोठ्याने.

आमचा नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, “बाकी सब बढ़िया, बस मराठी कैरेक्टर ऑथेंटिक नहीं लगा.” सीनियरने माझ्याकडे न बघता झाडू काढून घेतला. पुढच्या वर्षीचं तो काहीच बोलला नाही, मीही विचारलं नाही.

गेटपाशी आईने हळूच विचारलं, “बाकीचे किती छान ॲक्टिंग करत होते. तू एकटीच घरच्यासारखी बोललीस. घाबरलीस ना?”

“हो,” मी म्हटलं, “थोडी.”