सध्या वाडीत एक

देवाने माणसं घडवली ती केवळ माझ्या चुलतसासऱ्यांना मोजता यावीत म्हणून, याबद्दल मला आता तिळमात्र शंका नाही. लालबागच्या चाळीत उभा जन्म गेला, पण डोक्यात कायम कोकणातला त्यांचा एवढासा तालुका. त्यात महसुली मंडळं किती, एकेका तलाठ्याकडे गावं किती, गावाच्या वाड्या किती आणि वाडीत आजमितीला माणसं किती, सगळं तोंडपाठ. सरकार दहा वर्षांनी मोजतं, हे दर रविवारी फोन लावून मोजतात. नियम एकच: जो तिथे झोपतो तो तिथला. गणपतीपुरते येतात ते पाहुणे.

या नियमाने मला छळ छळ छळलं. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून त्यांनी भर घोळक्यात जाहीर केलं, "हिला आपल्यात धरता येणार नाही. परळात जन्मली, परळात झोपते." बायको रडायला लागली, मी दातओठ खात पेढे वाटले. एकदा त्यांना भायखळ्याला कार्डिओग्राम काढायला नेलं, तर छातीला वायरी असताना नर्सला गाव विचारलं. ती बिचारी सांगून बसली. हे ताडकन उठून, "वरचं की खालचं? खालचं दुसऱ्या मंडळात जातं!" कागदावर उमटलेल्या रेघा बघून डॉक्टरांच्याच तोंडचं पाणी पळालं.

स्वतःच्या वाडीचा आकडा मात्र ते हळू आवाजात सांगत. बावीसचे सात झाले, सातांचे तीन, आणि गेल्या वर्षी एक. ती एक म्हणजे त्यांची थोरली वहिनी, माझ्या सासूबाई. त्या विहिरीवर घसरून पडल्या तेव्हा बायकोने त्यांना आमच्याकडे परळला आणायचं ठरवलं. काका आडवे आले. वहिनी निघाली की वाडी शून्य, आणि शून्य माणसांना रस्ता कशाला, लाईट कशाला, असं उद्या तालुक्याच्या ऑफिसात म्हणतील, हे त्यांचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं.

"काका, तुम्हाला माणूस हवंय की आकडा?"

चहा अर्धा टाकून, चपला घालून ते निघून गेले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आठवड्याने बेल वाजली. दारात सासूबाई, आणि त्यांचा हात धरून काका. औषधांची पिशवी माझ्याकडे दिली, सकाळची गोळी कुठली ते दोनदा समजावलं. बसा म्हटलं तर म्हणाले, "नको जावईबापू. परतीची गाडी आहे. आज वाडीत कोणी नाही."

मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळून येतील. त्याला सात महिने झाले. चाळीतल्या खोलीला कुलूप आहे. पहिल्या रविवारी मी मुद्दाम चिडवायला फोन केला, काय काका, वाडीत किती?

"एक," ते म्हणाले. "मला धरलंय." अख्ख्या तालुक्यात माणसं मोजत आलेल्या या गृहस्थाने स्वतःला तिथे कधीच धरलं नव्हतं, नियमात बसत नव्हतं म्हणून.

परवा त्यांना सांगितलं, मे महिन्याच्या सुट्टीत मुलीला तुमच्याकडे पाठवतोय, पाहुणी म्हणून. बारशाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून पाहुणी हा शब्द जरा जोरात म्हणालो.

"झोपणार ना ती इथे?" त्यांनी विचारलं. "मग दोन."

मला एकदम भरून आलं, आणि या माणसाचा त्याबद्दलही रागच आला. मी फोन बायकोच्या हातात दिला.