लाईट नसताना झालेल्या चार चाली

आधीच सांगते, भूत, करणी, नजर यातलं मी काहीही मानत नाही. बाबा मार्केट यार्डात हमाल आणि संघटनेचे कार्यकर्ते. आमच्या कपाटात कपडे कमी, पत्रकं जास्त. अंगात येणं कसं खोटं असतं, याची पत्रकं मी आठवीत असताना स्वारगेटच्या स्टँडवर वाटलीत. लोकांनी त्यात शेंगदाणे बांधून घेतले, ते सोडा. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच अवघड जातंय... पण झालं ते लपवणं हासुद्धा खोटेपणाच.

तेव्हा मी अकरावीत होते. गुलटेकडीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी नानांचा सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, आणि दारावर पाटी — 'मुलींसाठी नेट फक्त फॉर्म व रिझल्टपुरते. खेळायला अंगण आहे.' अंगण कुठलं? आमच्या वस्तीत दोरीवर कपडे वाळत घालायला भांडणं व्हायची.

त्या वर्षी सगळी पोरं कार्डांचा एक ऑनलाइन गेम खेळायची. प्रत्येकाकडे वीस कार्डं, कार्डांवर लढणारे प्राणी. आपला प्राणी टाकायचा, समोरच्याचा पाडायचा. चाल एका मिनिटात करायची. नाही केली तर ती रिकामी जाणार, आणि लागोपाठ तीन रिकाम्या गेल्या की डाव हरलात. फॉर्म भरायच्या नावाखाली मी तो शिकले. एक दिवस नाना मागे येऊन उभे राहिले.

"हा कुठला फॉर्म? कासवाचा?"

मी उठले, घरी गेले आणि पत्रक लिहिलं — 'मुलींना माऊस चावतो काय?' पन्नास झेरॉक्स काढून कॅफेच्या दारातच वाटल्या.

नाना भडकले, पण माणूस शब्दाचा. "अहो पत्रकवाल्या बाई, कागद काय कुणीही वाटतं. अनिकेतला हरवा, पाटी मी स्वतः काढतो. हरलात तर ही सगळी पत्रकं गोळा करायची आणि परत इथे पाऊल टाकायचं नाही."

अनिकेत म्हणजे कॅफेचा चॅम्पियन. सातारा रोडला सोसायटीत राहायचा, घरी स्वतःचा कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर. त्याची निम्मी कार्डं विकतची. माझी सगळी खेळून मिळवलेली.

गुरुवारी दुपारी बाराचा डाव ठरला. तो घरून खेळणार, मी कॅफेतून. पुण्यात गुरुवार हा लाईट जायचा वार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमच्याकडे ती नऊला जायची आणि अकराला यायची. त्या दिवशीही आली. आली म्हणजे आली, असं आम्ही धरून चाललो... तिथेच चुकलो.

माझ्या पाठीशी मैत्रीण अश्विनी आणि वस्तीतल्या सात-आठ मुली. नानांनी 'फक्त आजच्या दिवस' म्हणून आत घेतलेल्या. बारा वीसला मी हरत आले होते. माझे तीन प्राणी उरलेले — कासव, विंचू, घुबड. त्याचे चार.

आणि पंखा थांबला. स्क्रीन काळी.

"नाना, यूपीएस!"

"त्याला दिवाळीपासून दमा झालाय."

अश्विनी रडायलाच लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. एक मिनिट. दोन. तीन... संपलं.

अकरा मिनिटांनी लाईट आली. पराभव निदान डोळ्यांनी बघावा म्हणून मी लॉग-इन केलं. स्क्रीनवर माझं नाव होतं आणि खाली — विजयी.

कुणी काही बोलायच्या आत अनिकेत सायकल आपटून आत आला. "चीटिंग आहे ही! नाना, हिला कोण शिकवत होतं?"

"अरे, इथे लाईटच नव्हती."

"मग माझ्याशी काय तुमची ट्यूबलाइट खेळत होती?"

आम्ही डावाची नोंद उघडली. लाईट गेल्यानंतर माझ्या नावावर चार चाली, चारही वेळेत. पहिल्या दोन चालींत त्याचे दोन प्राणी पडले, मीही तशाच केल्या असत्या. तिसरीत मात्र माझं सगळ्यात ताकदीचं कार्ड, कासव, मुद्दाम मरायला पुढे केलेलं. अनिकेतने सगळा जोर त्याच्यावर खर्च केला आणि चौथ्या चालीत घुबडाने त्याचे उरलेले दोघे पाडले. मी कासवाला असं कधीच सोडलं नसतं.

नाना स्टूल घेऊन पाटीकडे निघाले. "शब्द म्हणजे शब्द."

"थांबा नाना. हा डाव मी खेळले नाही."

अश्विनीने मला चिमटा काढला. "वेडी आहेस का? मिळालंय ते घे ना!"

"घेतलं तर पोरं जन्मभर म्हणतील, हिला लाईटने जिंकवलं. अनिकेत, सोमवारी परत. इथेच, शेजारी बसून."

सोमवारी सगळा कॅफे भरला. डाव शेवटाला आल्यावर मी कासव पुढे केलं. अनिकेत हसला. "एकदा फसलो, परत नाही." त्याने कासवाला हातच लावला नाही. मला तेच हवं होतं. कासव एकेक चाल पुढे सरकत गेलं आणि त्याचे उरलेले सगळे प्राणी लोळवून उभं राहिलं. मुलींनी असा आरडाओरडा केला की शेजारच्या गिरणीतले लोक धावत आले! नानांनी पाटी काढली, उलटी केली आणि त्यावर चहाचे ग्लास ठेवले. दुसऱ्या दिवशी सहाही कॉम्प्युटरवर मुली होत्या आणि अनिकेत बाहेर नंबर लावून उभा.

मी नंतर सगळं तपासलं. पासवर्ड फक्त मला माहीत होता. गैरहजर खेळाडूची चाल गेम स्वतःहून खेळत नाही, हे नियमांत स्पष्ट लिहिलंय. कंपनीला ईमेल केलं, उत्तर आलं — नोंद बरोबर आहे.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सगळं तपासलंस?"

"हो."

"मग माहीत नाही असं लिही. पदरचं काही घालू नकोस."

म्हणून लिहिते. गुरुवारी माझ्या जागी कोण खेळलं, मला आजही माहीत नाही. सोमवारी कोण जिंकलं ते अख्ख्या गुलटेकडीला माहीत आहे.