न्यूट्रलमध्ये चालणारा ट्रॅक्टर

आनेकलजवळच्या आमच्या शेतावर थोरला भाऊ एकटाच असतो. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. सत्तरी उलटली आहे, ऐकू फार कमी येतं. त्याचा जुना ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये टाकला तरी हळूहळू पुढे सरकतो.

"स्वल्प चालतो, तेवढंच," अण्णा म्हणाला.

एका रविवारी मी शहरातून, इंदिरानगरहून, मेकॅनिकला घेऊनच गेलो. त्याने क्लच दाबला, ट्रॅक्टर थांबला. सोडला, पुन्हा निघाला. दोष गिअरबॉक्सच्या आत आहे आणि ते पार्ट आता मिळत नाहीत, असं त्याने सांगितलं. उतरण्याआधी इंजिन बंद करा, एवढाच उपाय.

अण्णा म्हणाला, बॅटरी मेलीय, बंद केला तर परत सुरू होत नाही. मी चिडून त्याच दुपारी नवी बॅटरी बसवली. "सरी, ठीक आहे," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी पोचलो, तर ट्रॅक्टर धडधडत ठेवून तो फाटक उघडायला उतरलेला. कडीशी त्याची खटपट चालली होती आणि ट्रॅक्टर त्याच्या पाठीकडे येत होता. मी ओरडलो, त्याला ऐकू गेलं नाही. धावत जाऊन इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे तो वळला.

"बंद कशाला केलास?"

रोज सकाळी दहाला तो त्या फाटकाशी उतरतो. मी ऑफिसात असतो. साडेदहाला फोन लावतो. त्याला रिंग ऐकू येत नाही हे माहीत असूनही, फोनकडे नजर जाऊन तो उचलेपर्यंत लावत राहतो.