प्रणालीचा ताणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही प्रणालीला ओळखत नाही — म्हणून असेल.

नागपूरला टेक्स्टाईल डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला होतो आम्ही. प्रणाली नागपूरजवळच्या खाप्याची, विणकराची मुलगी. हाताला अशी सफाई, की सर बाकीच्यांना तिच्या मागापाशी नेऊन उभं करायचे. मलाही करायचे. मी हसून बघायची, आणि आतून नुसती जळायची.

तिच्या बाबांनी विणणं कधीच सोडलं होतं, पण घरातला माग मोडला नव्हता. शेवटच्या प्रदर्शनातलं कापड नीट उतरलं तर माग तुझा, नाहीतर लाकूड विकून टाकतो, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. हे ती मला रोज ऐकवायची. मैत्रीण होते ना मी तिची.

तिचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, काढायला मी मदतीला बसले. ती डबा खायला गेली तेव्हा सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळ्या, संपले आणि मी कपाटातले दुसरे लावले. ते वेगळ्या लॉटचे होते. कोऱ्या सुतात फरक कळत नाही. रंगात बुडवलं की दोन लॉट दोन तऱ्हांनी रंग पितात. पहिल्या वर्षाच्या पोरींनाही हे ठाऊक असतं. घाईत लक्ष गेलं नाही — असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. पण घाई होती कसली?

तीन आठवडे ती विणत होती आणि मी शेजारच्या मागावर बसून होते. एक शब्द पुरला असता. सुरुवातीला तर नवा ताणा लावायला वेळही होता. उद्या सांगू, उद्या सांगू, असं वाटायचं — की तेही मी नंतर रचलं?

कापड निळीतून निघालं आणि मधोमध वीतभर फिका पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रणाली रडली नाही. पट्टा जाईल म्हणून नळाखाली धूतच राहिली. ते आठवलं की अजून जीव तुटतो माझा.

प्रदर्शनाला बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. पट्ट्यावरून बोट फिरवलं. "दोन लॉटचं सूत हाये हे. ताणा कोणं काढला वं?"

मी तिथेच उभी होते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"मीच काढला, बाबा."

"मंग राहू दे, माय. तुयाच्यानं नाही होत."

महिनाभरात माग मोडला.

ते कोन मी लावले हे तिला कळलं होतं. निकालाच्या दिवशी मला म्हणाली, "तुया हातून चुकीनं झालं असन. कशाले तुयं नाव घेऊ?"

आता ती इतवारीच्या बाजारात साड्यांच्या दुकानात असते, दुसऱ्यांनी विणलेलं उलगडून दाखवते. मी कॉलेजच्या त्याच मागांच्या स्टुडिओत शिकवते. दिवाळीला तिचा फोन येतो. चोराच्या मनात चांदणं — पहिल्या रिंगला मी कधी उचलत नाही.

चुकीनं झालं नव्हतं. तिच्या लॉटचे कोन त्याच कपाटात, हाताशी होते. मी दोन्हींवरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि दुसरे उचलले.