सातवा नियम

चुनीलालकाका पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. एक मिनिट उशिरा आलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी फाटकावरून परत पाठवलं होतं. निवृत्तीनंतर ही शिस्त कुणाच्या गळ्यात बांधायची, हा प्रश्न त्यांच्या तापीकाठच्या गावाने आपणहून सोडवला. त्यांना पूर पहारा मंडळाचं सचिव केलं. मंडळ म्हणजे अकरा बिनपगारी माणसं, एक वही आणि मंदिराच्या गच्चीवर कुलपात ठेवलेला, हाताने फिरवायचा भोंगा.

तीन वर्षांपूर्वी मंडळातल्या सुपडूने नाल्याचं गढूळ पाणी बघून भोंगा वाजवला. पूर नव्हताच. पळापळीत म्हाताऱ्या तापीबाईंचा खुबा मोडला आणि त्या पुन्हा अंथरुणातून उठल्या नाहीत. काकांनी सुपडूचं नाव कमी केलं आणि सातवा नियम लिहिला. वरच्या बंधाऱ्याचा फोन वहीत नोंदल्याशिवाय आणि दोन सभासदांच्या सह्या झाल्याशिवाय भोंग्याला हात लावायचा नाही. नियम वाईट नव्हता हो. सुपडूला आवरायला तो पुरेसा होता.

यंदाच्या ऑगस्टात एका दुपारी, अध्यक्षांच्या वडिलांच्या उत्तरकार्याला सगळं मंडळ कोरीटला गेलं होतं. काका तेवढे पहाऱ्याला थांबले. त्यांच्या पत्नी रंजनाबाई नदीकाठच्या केळीत मजुरांचं जेवण घेऊन गेलेल्या. त्या शेतातून वर यायला एकच वाट, तीही खोलगट नाल्यातून. पाणी चढलं की आधी तीच बुडते. सकाळपासून मोबाइलचा टॉवर बंद होता. काका दर पाच मिनिटांनी मुका फोन कानाला लावत होते.

सुपडू घाटावरून धावत आला.

"काका, पाणी चार पायऱ्या चढी गयं! भोंगा वाजाडा!"

"बंधारावरतून फोन उना नही."

"टॉवर बंद शे, फोन कोठून येई?"

काकांच्या डोळ्यांसमोर केळीचं शेत होतं आणि तापीबाईंची खाटही होती.

"दुसरी सही कोण करी? तू सभासद नही."

"मंग माले सभासद करा!"

आणि या माणसाने खरंच वही उघडली. ठराव लिहिला: आणीबाणीची सभा, सुपडूला पुन्हा घेणं, फोनची अट आजपुरती शिथिल. सूचक स्वतः, अनुमोदक कुणी नाही, म्हणून तिथे पेन अडखळलं. सुपडूने वही हिसकावून सही ठोकली. सगळ्यात दहा मिनिटं गेली असतील.

मग दोघांनी आळीपाळीने भोंगा फिरवला. केळीतले मजूर आधीच वर येत होते, कमरेपर्यंत भिजलेले. काका गच्चीवरून एकेक चेहरा बघत होते. सगळ्यांच्या मागून मजूर धनुबाई आली. तिच्यामागे नाला दिसेनासा झाला होता.

"तुन्ही काकी कोठे शे?" काकांनी वरूनच ओरडून विचारलं.

धनुबाई रडायला लागली. "आम्हीनी हात धरीसन वढं, काका. पन काकी बोलन्यात, तुम्ही व्हा पुढे, मी भांडा आवरीसन येस. मन्हा मालकनी भोंगा वाजाडा नही अजून, म्हंजे टाइम शे."