एकनाथरावांची बाही

पडदा वर जातो. चिक्कडपल्लीतली आमच्या नाट्यमंडळाची खोली. कोपऱ्यात पेटी आणि पेटीमागे एकनाथराव. मे महिन्यातही अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. तरुणपणापासून मी त्यांच्या साथीवर गायले, पण त्यांचं कोपर कधी पाहिलं नव्हतं.

आबिड्सच्या एका सरकारी ऑफिसात ते टायपिस्ट. नव्वदीत देशाची दारं परदेशी मालाला उघडली आणि त्यांच्या टेबलावर संगणक येऊन बसला. नेमकी तेव्हाच त्यांची बोटं आखडू लागली. सकाळी मूठ वळत नसे, दुपारी वळे.

साहेब म्हणाले, "मोठं हुशार दुखणं आहे तुमचं! संगणकाच्या शिकवणीला येतं, जेवणाच्या सुट्टीत जातं!"

ऑफिस पोट धरून हसलं. एकनाथरावही हसले. संध्याकाळी मात्र पेटीवर त्यांचे सूर चुकले. अनामिका मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखी सुजली होती.

"पेटी सुटली तर मी काय उरतो, कुसुमताई?"

हाडांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. त्यात वाताचं काही निघालं नव्हतं. मग मीच त्यांना मेघनाकडे नेलं. आमच्या गणेशोत्सवात नाचणारी ही पोर आता सांध्यांची डॉक्टर झाली होती. तिने आधी नखं पाहिली. शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे.

"काका, अंगावर कुठे खपल्या येतात?"

"छे, छे!"

एकनाथरावांचे वडील निजामी कचेरीतले. परक्या बाईसमोर बाही वर करणं म्हणजे त्यांच्या घरी बेअदबी, मग ती डॉक्टर का असेना. नेमक्या क्षणी प्रवेश घेण्यात माझा जन्म गेलेला. मी उठले आणि त्यांची बाही सरळ वर सारली. कोपरावर लालभडक चट्टा, त्यावर चंदेरी खपल्या.

"हे होय? हा कोरडेपणा, जुनाच आहे. मी बोटं दाखवायला आलोय."

"टाच दुखते?"

"सकाळी. पण ती चपलेची चूक."

मेघनाला हसू आवरेना. "काका, कातडी, नखं, बोटं, टाच, सगळ्यांचा सूत्रधार एकच. सोरायसिसचा संधिवात. रक्तात दिसेलच असं नाही. तो मुळापासून जात नाही. पण औषध आत्ता सुरू केलं तर बोटं वाकडी होण्यापासून बरीच वाचवता येतील. पेटी सोडू नका."

एकनाथरावांचे डोळे भरून आले. दार उघडंच होतं, आणि त्यांची बाही अजून माझ्याच हातात होती. ते हळूच म्हणाले, "हौ कुसुमताई, सगळं कबूल. पण आता बाही सोडा, बाहेर बायका बसल्यात."