जोर आणि फसाद

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी मी हैद्राबादला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि एकाच पेपरात आडवा झालो होतो. विषय होता लवचिकतेचा सिद्धांत. वजन पडलं की तुळई किती वाकते आणि कुठवर वाकून परत सरळ होते, याचं गणित. फेरपरीक्षा महिन्यावर आली होती. तीही गेली असती, तर कॉलेजातून नावच कटणार होतं.

शिकवणं सगळं उर्दूत. क्रमिक पुस्तक म्हणजे कुणा विद्वानाने केलेला तर्जुमा. व्याख्या ठणठणीत, पण एक उदाहरण सोडवून दाखवील तर शपथ! लायब्ररीतलं बरं इंग्रजी पुस्तक एका प्राध्यापकाच्या घरी कायमचं मुक्कामाला गेलं होतं, आणि ते परत मागायची छाती कुणाची? मी चिडून गावी, शहागडला निघून आलो. तिथे कळलं की अंबडला बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर राहतात आणि त्यांच्याकडे असली पुस्तकं आहेत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लगेच गाडी जुंपली.

ओव्हरसियरांनी माझी वही चाळली आणि कपाळाला हात लावला. मग आतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. पानोपानी सोडवलेली उदाहरणं, समासात त्यांची पेन्सिलीची टिपणं.

"आधी हे सोडव. व्याख्या मंग पाठ कर," ते म्हणाले. मला रडू यायचंच बाकी होतं.

परत येताना वाटभर मी आबांना त्यातलंच, आमच्या वर्गातल्या उर्दू शब्दांत सांगत होतो. गावाअलीकडच्या चौकीवर गाडी अडवली. त्या दिवसांत पोलीस कुणाच्याही पिशवीत हात घालत. जमादाराने इंग्रजी पुस्तक उलटंसुलटं करून बाजूला ठेवलं. मग माझी उर्दू वही उघडून मोठ्याने वाचू लागला, "जोर जितना बढेगा, फसाद उतना ही बढेगा. हद के बाद पहली हालत वापस नहीं आती."

आमच्या पुस्तकात वस्तूच्या आत पडणाऱ्या ताणाला जोर म्हणत आणि त्याने होणाऱ्या आकारबदलाला फसाद. वर्गात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. चौकीवर मात्र फसाद म्हणजे दंगाच!

"किस के खिलाफ फसाद?" त्याने विचारलं.

"साहब, दोनों में तनासुब है," मी म्हणालो. म्हणजे दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. शहाणपण पाजळायची हीच वेळ सापडली होती मला.

"दोनों कौन? नाम बोल!"

एक शिपाई माझ्यामागे येऊन उभा राहिला. नुसत्या एका पत्रकापायी माझ्या वर्गातले दोघे तुरुंगात होते. मी नुसता वहीकडे हात करत राहिलो.

आबा गाडीवरून उतरले. त्यांना अक्षरओळख नव्हती. डोक्याचा पटका काढून त्यांनी जमादाराच्या पायाशी ठेवला. कुणापुढे त्यांचं डोकं उघडं झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सरकार, पोरगं पूल बांधायचं शिकून राह्यलंय. हे बघा." त्यांनी बैल हाकायची बांबूची काठी वाकवली. "जोर दिला, वाकली. ह्या वाकण्याला त्याच्या बुकात फसाद म्हणतेत. सोडली, बराबर सरळ झाली. दुसरं काही न्हाई, बिलकुल न्हाई."

जमादाराने काठी हिसकावली, गुडघ्याला टेकवली आणि आबांकडे बघत वाकवत नेली. काठी करकरली.

"और हद?"

"ती तुमच्या हातात हाय, सरकार."

तो हसला. काठी धुळीत फेकली, वहीतलं ते पान टरकन फाडलं आणि म्हणाला, "लफ्ज खराब है. जाव."

आबांनी पटका डोक्याला गुंडाळला, काठी उचलली आणि गाडी घराकडे हाकली. मला माझीच लाज वाटत होती. अंगणात आबांनी काठी डोळ्यांसमोर आडवी धरली. ती मोडली नव्हती, पण सरळही राहिली नव्हती.

"सोडून दिली तरी वाक ऱ्हायला," ते म्हणाले. "ह्याला काय म्हणतेत तुमच्या बुकात?"

फेरपरीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी दोन पानं भरून लिहिलं आणि पास झालो. आबांना मात्र त्या संध्याकाळी मी सांगितलं, की ते अजून आम्हांला शिकवलेलं नाही.